लाल पट्टीपर्यंतची गोष्ट

दवाखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत. मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामा. मुलांच्या वॉर्डात मात्र ते भोपळेमामा होते, आणि या नावाचा त्यांना थोडा अभिमान होता, थोडा कंटाळाही. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. आडव्या झालेल्या माणसांना ट्रॉलीवर घालायचं आणि ढकलत एका दारातून दुसऱ्या दारात न्यायचं. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेहून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशनला. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने नव्वद किलोचा माणूस रॅम्पवर चढवून दाखवावा, तोही डावीकडे ओढणाऱ्या तीन नंबरच्या ट्रॉलीवरून, आणि शेजारून चालणाऱ्या सहा नातेवाइकांच्या सूचना ऐकत.

या कामात मामांचे गुडघे गेले, मग कंबर गेली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी हृदयाने कुरकुर सुरू केली. ज्या डॉक्टरांना नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑपरेशन थिएटरचा रस्ता मामांनीच दाखवला होता, त्याच डॉक्टरांनी एक दिवस कानातली नळी काढून गळ्यात टाकली आणि म्हणाले, "मामा, झडप बदलावी लागेल. महिन्याच्या आत. नाहीतर एखाद्या दिवशी रॅम्पवर मधेच बसाल, आणि ट्रॉली खाली येईल ती येईलच."

मामांनी मान डोलावली. तारीख ठरली, आणि मामांनी ती बुडवली. सकाळी सिस्टर ताप मोजायला आली तेव्हा तिची पाठ वळताच त्यांनी थर्मामीटर गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला. ही विद्या त्यांना मुलांच्या वॉर्डातच मिळाली होती. सिस्टरने आकडा बघितला आणि म्हणाली, "मामा, एवढा ताप असता तर तुम्ही आत्ता माझ्याशी बोलत नसता." पण तेवढ्या गोंधळात दिवस गेला. दुसऱ्या तारखेला तर त्यांनी तेवढीही कला दाखवली नाही. दवाखान्याच्या कपड्यांवर स्वेटर चढवला, सपाता घातल्या आणि मागच्या दाराने चालत घरी गेले. बायकोने दार उघडलं, त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता आत वळली. मामांना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तिसरी तारीख देताना डॉक्टर चिडले नाहीत. ते थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "पुन्हा पळालात तर परत येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण परत यायची वेळ तुम्हाला मिळेल असं वाटत नाही."

मामा भित्रे नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती, त्यांना फार माहीत होतं. थिएटरला पुढचं दार असतं तसं मागचंही असतं, आणि मागच्या दारातून कोण जातं, कोणत्या ट्रॉलीवरून, तोंडावर चादर कुठवर ओढलेली असते, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. आत गेलेले बहुतेक सगळे परत येतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या 'बहुतेक'मधून जे उरतात त्यांनाही त्यांनीच नेलं होतं.

बायकोचं तसं नव्हतं. ती रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून दहा मिनिटं डोळे मिटून देवाला आठवत बसे. ओठ हलत नसत, हात जोडलेले नसत. मामा दाढी करता करता विचारत, "काय म्हणतायत साहेब आज?" ती डोळे न उघडता म्हणे, "तुमची चौकशी करतायत." इतकी वर्षं हा विनोद चालला होता. अलीकडे मामा विचारत नसत, आणि ती दहाऐवजी वीस मिनिटं बसू लागली होती.

तिसऱ्या तारखेच्या आठवड्यात तिने एकदाच तोंड उघडलं. मामा फोनवर कुणाला तरी विचारत होते की हे डॉक्टर महिन्याला अशी किती ऑपरेशनं करतात, भूल देणारे कोण असतात, लाइट गेली तर जनरेटर किती सेकंदांत लागतो. त्यांनी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, आयुष्यभर लोकांच्या पोरांना भोपळ्यात बसवलंत. स्वतः बसायची पाळी आली तर भोपळ्याला भोकं पाडत सुटलात."

"बाहेर काय चाललंय ते दिसायला नको?" मामा म्हणाले.

"म्हातारीला दिसत होतं?"

मामांनी पेपर उचलला आणि कालचाच पेपर पुन्हा वाचला.

आता हे भोपळ्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे. ती गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. हाडकुळी म्हातारी लेकीकडे निघते, जंगलात वाघ आडवा येतो, मग कोल्हा. ती त्यांना सांगते की आत्ता मला खाऊन तुमच्या दातांत नुसती हाडं अडकतील, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. मामा ही गोष्ट ट्रॉलीवरच्या मुलांना सांगत. आईला वॉर्डाच्या दारात सोडून जायच्या कल्पनेनेच मूल रडायला लागतं, आणि रडून फुगलेलं मूल भूल देणाऱ्या डॉक्टरांना चालत नाही. म्हणून नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मामांनी गोष्ट सुरू केली, आणि सांगता सांगता ती रस्त्याच्या मापाने बेतली गेली.

वॉर्डाचं दार ओलांडलं की म्हातारी घरातून निघे. लिफ्टपाशी वाघ भेटे, कारण लिफ्ट कधीच वेळेवर येत नसे आणि वाघाला डरकाळ्या फोडायला भरपूर वेळ मिळे. लिफ्ट खाली जात असताना कोल्हा. एक्स-रेसमोरचा लांब बोळ म्हणजे लेकीचं घर. तिथे म्हातारी काय काय खाते ते मुलांनी सांगायचं, आणि ज्या मुलांना आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं असे ती तर म्हातारीला असं जेवू घालत की मामांचीही भूक खवळे. मग थिएटरकडचा रॅम्प. तिथे लेक भला मोठा भोपळा कोरते, म्हातारी आत बसते, वर झाकण लागतं आणि भोपळा निघतो. रॅम्पवर ट्रॉली खडखडते, तेव्हा मामा वेगळं काही करत नसत. भोपळा आपोआप गडगडे.

रॅम्प संपला की जमिनीवर एक लाल पट्टी आहे. तिच्या पलीकडे बाहेरच्या माणसाने आणि बाहेरच्या चपलांनी जायचं नाही. मामांचं काम तिथे संपे. हिरव्या कपड्यांतली माणसं पलीकडून येत आणि ट्रॉलीची दांडी धरत. आणि नेमका तिथेच भोपळ्यासमोर वाघ उभा राही.

"मग?" मूल विचारे.

"पुढचं परत येताना सांगतो," मामा म्हणत.

आणि ते कधीच सांगत नसत. लबाडी नव्हती यात. मामांची पाळी सकाळची, दोन वाजता सुटे. मुलं शुद्धीवर येत दुपारी तीन-चारला, आणि त्यांना परत नेई दुपारच्या पाळीचा माणूस. दुसऱ्या दिवशी मामा मुलांच्या वॉर्डात डोकावत. मुलं त्यांना बघून हसत, पट्टी दाखवत, टाके मोजून दाखवत. पण गोष्टीचं पुढे काय झालं, हे एकही मूल विचारत नसे. आधी मामांना याचं आश्चर्य वाटे. मग त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की मुलं विसरतात. गोष्ट काय, रडू थांबेपर्यंत तोंडात द्यायची चोखणी, शेवटाशी कुणाला देणंघेणं नसतं. आपल्याही आयुष्यात याहून वेगळं काय आहे, असं त्यांना वाटे. बायको खिडकीपाशी बसते ती तिची चोखणी. कुणी पुढचं सांगायला येणार नसतं.

हे त्यांना नुसतं वाटत होतं, तोवर ठीक होतं. सहा वर्षांपूर्वी ते पक्कं झालं.

दोन वेण्या घातलेली, पुढचे दोन दात पडलेली सात वर्षांची मुलगी होती. ती रडत नव्हती. उलट मामांनाच दामटत होती. लिफ्टपाशी म्हणाली, "वाघ असा नाही ओरडत," आणि स्वतः ओरडून दाखवलं. लेकीच्या घरी तिने म्हातारीला काही खाऊ घातलं नाही. म्हणाली, "ती आधी झोपेल. चालून चालून दमली असेल ना." एकतीस वर्षांत म्हातारीच्या थकव्याचा विचार करणारं ते एकच मूल. लाल पट्टीपाशी तिने विचारलं, "नक्की सांगाल?" मामा म्हणाले, "नक्की." दोन वाजता पाळी संपली, मामा घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी मुलांच्या वॉर्डात तिच्या पलंगावर नवी चादर घातलेली होती.

त्यानंतरही मामा गोष्ट सांगत राहिले, कारण मुलं रडायची थांबली नव्हती. पण 'परत येताना सांगतो' हे वाक्य त्यांनी काढून टाकलं. वाघ उभा राही, आणि मामा गप्प होत. घरी त्यांनी बायकोला फक्त एवढंच सांगितलं की तुझ्या साहेबांना एकदा विचार, एवढीशी पोर कशाला लागते त्यांना. ती म्हणाली, "विचारलंय." "मग?" "अजून काही बोलले नाहीत." मामा त्यावर हसलेही नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामा भरती झाले. बायको शेजारच्या स्टुलावर बसून होती, एक डोळा त्यांच्या सपातांवर ठेवून. शेवटी तिने सपाता उचलून आपल्या पिशवीतच टाकल्या. दुपारी ती जेवायला खाली गेली तेवढ्यात मामा अनवाणी उठले आणि ट्रॉल्या ठेवतात त्या कोपऱ्यात गेले. एक आणि दोन नंबर बाहेर होत्या. तीन नंबर, ती डावीकडे ओढणारी, उभी होती. चार नंबर त्यातल्या त्यात शहाणी. मामांनी कपाटातून तेलाची बाटली काढली, चार नंबरच्या चारही चाकांत तेल सोडलं, चाकं फिरवून बघितली, आणि मन भरेना म्हणून आणखी सोडलं. मग दांडीला एक चिठ्ठी बांधली, 'उद्या सकाळी लागेल, कुणी नेऊ नये'. पलंगावर परत येऊन पडले तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं. निदान चाकं तरी आपल्या हातची.

सकाळी ट्रॉली आली ती तीन नंबर.

ती ढकलत आली मावशी. मावशी म्हणजे ऑपरेशननंतरच्या खोलीतली आया, वीस वर्षांची जुनी, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. मामांची आणि तिची रोज दोन वाजता गाठ पडे, ते निघताना आणि ती येताना, आणि बोलणं होई ते हरवलेल्या ब्लँकेटांवरून. दवाखान्याच्या नात्याने ते मामा आणि ती मावशी. हे नातं नक्की कसं जुळतं ते दोघांनी कधी तपासलं नव्हतं.

"तुमची तर दुपारची पाळी," मामा म्हणाले.

"बदलून घेतली. तुम्ही तिसऱ्यांदा पळता का ते बघायचं होतं."

"आणि ही ट्रॉली? चार नंबर कुठाय?"

"नाव काढू नका! कुणा शहाण्याने चाकांत एवढं तेल ओतलंय की बोळभर ओघळ आलेत. पहाटे सिस्टर घसरता घसरता वाचली. धुवायला पाठवलीय." मावशीने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "चिठ्ठीवरचं अक्षर ओळखीचं वाटलं मला."

स्टुलावरून बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. मामांना दोघींचा राग आला, आणि राग आल्यावर पळून जाण्याची हिंमतही थोडी वाढली. ऑपरेशनला संमती म्हणून दिलेला सहीचा कागद अजून परत मागता येत होता. लाल पट्टीपर्यंत मागता येतो, नियम त्यांना माहीत होता. लिफ्टपर्यंत जाऊ, आणि छातीत कळ आली म्हणून सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बायकोने वॉर्डाच्या दारात त्यांचा हात दाबला आणि सोडला. तिला तिथवरच येता येत होतं.

पाठीवर पडून मामांनी तो बोळ पहिल्यांदाच बघितला. एकतीस वर्षं त्यांनी तो जमिनीकडून बघितला होता. कुठे फरशी उचकटलीय, कुठे उंबरा आहे, कुठे वळताना टेकू द्यावा लागतो. आता वरून फक्त छत जात होतं. एक ट्यूब, मग अंधार, मग दुसरी ट्यूब, मग पाणी झिरपल्याचा डाग. पुढे काय येतंय ते कळायला मार्ग नव्हता. फार तर भिंतींवरून अंदाज बांधावा, पण तोही भलताच निघत होता. मान मागे टाकली की एकच गोष्ट सारखी दिसत होती, ती म्हणजे मावशीचं तोंड, उलटं. हनुवटीखालचा मस, नाकपुड्या, आणि सकाळी सकाळी चघळत असलेली लवंग.

म्हणजे पोरांना एवढंच दिसत होतं, मामांच्या मनात आलं. माझं तोंड. मी गोष्ट सांगत होतो, वाघ, कोल्हा, आणि ती बिचारी सगळा रस्ता माझ्या नाकपुड्या बघत जात होती. त्यांना एकदम ती दोन वेण्यांची आठवली. ती मान मागे टाकून त्यांच्याकडे बघत होती. त्या दिवशी आपलं तोंड कसं होतं, दाढी केली होती का, हे मामांना आठवेना, आणि ते आठवेना याचं त्यांना फार वाईट वाटलं.

लिफ्ट आली नव्हतीच. मावशीने बटण दाबलं, दोनदा दाबलं, मग तळहाताने दारावर थाप मारली.

"इथे वाघ येतो ना तुमचा?" ती म्हणाली.

मामांनी छातीवर ठेवायला उचललेला हात तसाच राहिला. "तुम्हाला काय माहीत?"

"मला काय माहीत! वीस वर्षं तुमची अर्धी गोष्ट निस्तरतेय मी, आणि म्हणे काय माहीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोरगं शुद्धीवर आलं की आधी आई मागतं, मग पाणी मागतं, आणि मग म्हणतं, वाघानं काय केलं? पहिल्यांदा मला वाटलं, भुलीत बरळतंय. दुसरं आलं, ते पण तेच. तिसरं, ते पण. मी म्हटलं, हा कोण मेला वाघ? मग एकेका पोराकडून काढून घेतली गोष्ट. म्हातारी, लेक, भोपळा. पुढचं तर सगळ्यांना ठाऊक असतंच, नाही का? मी सांगून टाकते. सांगितल्याशिवाय ती औषधच घेत नाहीत."

लिफ्ट आली. मावशीने ट्रॉली आत घातली, तीन नंबर सवयीप्रमाणे डावीकडे वळली आणि मावशीने तिला कंबरेने सरळ केलं. दार लागलं.

मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पाठीवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी कानात जातं हेही त्यांना आजच कळलं. मुलं विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती विचारत नव्हती, कारण त्यांना उत्तर मिळालेलं होतं. आपण वीस वर्षं समजत आलो की आपला शब्द रोज दोन वाजता मोडतो, आणि तो रोज तीन वाजता ही बाई पाळत होती. आपल्याला न सांगता. आपल्याला ती धड माहीतही नव्हती, ब्लँकेटांपलीकडे.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "पाच-सहा वर्षांपूर्वी तुम्ही काही बदललंत का? आधी पोरं म्हणायची, मामा सांगणार होते पुढचं. मग नुसतंच विचारायला लागली. जरा घाबरून."

"ती दोन वेण्यांची..." मामा म्हणाले. "दात पडलेली. तिला मी नक्की म्हणालो होतो."

लिफ्ट थांबली. मावशीने लगेच ट्रॉली बाहेर काढली नाही.

"ती माझ्यापर्यंत आलीच नाही, मामा," ती म्हणाली. "तिची गोष्ट माझ्याकडे पण नाही. मी त्या दिवशी तिची खाट घालून बसले होते. चार वाजले, पाच वाजले. मग मीच खाट काढली."

मावशी 'देवाला आवडली' म्हणाली नाही, 'सुटली' म्हणाली नाही. मामांना त्या दिवसानंतर दवाखान्यातल्या प्रत्येकाने यातलं काहीतरी सांगितलं होतं आणि त्यातलं त्यांना काहीच पटलं नव्हतं. मावशीचं पटलं. जी बाई आपल्याला गोड वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलत नाही, ती ढकलत असेल तर निदान कुठे ढकलतेय ते ठीक असेल, असं काहीतरी त्यांना वाटलं. हा विश्वास म्हणायचा तर फारच लहानसा होता. पण इतक्या वर्षांत त्यांच्याकडे तेवढाही नव्हता.

एक्स-रेसमोरचा बोळ गेला. लेकीच्या घरी कुणीच काही खाल्लं नाही. मामा कालपासून उपाशी होते, आणि खरं तर फार दमलेही होते. छातीत कळ आल्याचं सांगायचं राहून गेलं. ती दोन वेण्यांची म्हणाली होती तसं इथे आधी झोपायलाच हवं होतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग रॅम्प आला, ट्रॉली खडखडायला लागली, आणि मावशी धापा टाकायला लागली.

"दोन्ही हातांनी नका रेटू," मामा पडल्या पडल्या म्हणाले. "डावी बाजू जरा सैल सोडा, ती आपोआप येते."

"गप्प पडा. भोपळ्यातली म्हातारी भोपळा हाकत नाही."

मामा गप्प पडले.

लाल पट्टी आली असावी, कारण खडखड थांबली. पलीकडे पावलं वाजली, हिरव्या टोप्या दिसल्या. त्यांतले डॉक्टरांचे डोळे मामांनी ओळखले. ते आधी मामांकडे बघत होते आणि मग मावशीकडे, की खरंच आणलंत?

"मावशी," मामा म्हणाले, "वाघ काय करतो तुमच्यात?"

गोष्ट मामांनाही लहानपणापासून ठाऊक होती. पण ती आत्ता त्यांना आठवत नव्हती, किंवा आठवत असली तरी आपल्या तोंडून नको होती.

"शुद्धीवर आल्याशिवाय मी कुणाला सांगत नाही," मावशी म्हणाली. "परत आलात की."

"नक्की?"

"माझी पाळी असेल तर," ती म्हणाली. "नसेल तर बदलून घेईन."

मामांनी मान सरळ केली आणि डोळे मिटले. कागद परत मागितला नाही.

मग बराच काळ काहीच नव्हतं. मग घशात काटे होते, छातीवर कुणीतरी पाटा ठेवून गेलं होतं आणि जीभ लाकडाची झाली होती. कुणीतरी ओला कापूस ओठांवरून फिरवत होतं. दुसरा दिवस होता, दुपारचे तीन वाजले होते, पण हे मामांना नंतर कळलं. पलंगाच्या एका बाजूला कापूस घेऊन मावशी होती, दुसऱ्या बाजूला बायको. ती दार न ओलांडण्याचा कुठलासा नियम मोडून आत आलेली दिसत होती.

मामांचे ओठ हलले. आवाज फुटेना.

"काय म्हणतायत?" बायकोने वाकून विचारलं. "पाणी? दुखतंय का?"

मावशीने कान त्यांच्या तोंडाशी नेला, आणि तिचं रुंद तोंड आणखी रुंद झालं.

"वाघाचं विचारतायत," ती म्हणाली. "म्हणजे आले परत."

बायको स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग पलंगाच्या उशाशी टेकून, कापसाचा बोळा हातातच ठेवून, ती मुलांना सांगे तशी सांगू लागली. वाघ भोपळ्याला आडवा आला. म्हणाला, म्हातारी दिसली का? भोपळा आतून म्हणाला, मला नाही ठाऊक म्हातारी बितारी. वाघाने भोपळ्याला वास घेतला, कान लावला, भोवती एक फेरी मारली. आणि मग त्यानंच पंजा लावून दिला एक धक्का. तेवढ्या धक्क्याने भोपळा थेट म्हातारीच्या दारापर्यंत गेला.

"त्याला कळलं नाही... आत कोण आहे?" मामांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कळलं होतं का नव्हतं, ते तो जाणे. ढकललं त्यानं. घरी पोचली ती."

मामा छताकडे बघत राहिले. इथल्याही छताला एक डाग होता. बायकोचा हात त्यांच्या हाताशी येऊन थांबला होता, आणि तो हात धरायचीही ताकद त्यांच्यात नव्हती.

"पुन्हा एकदा सांगा," ते म्हणाले.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. हे माझं झालं." त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं. "त्या दोन वेण्यांच्या पोरीचं राहिलंय."

मावशीने दाराकडे बघितलं. पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारत होतं, औषधांची वेळ झाली होती, पाळी संपायला अजून पाच तास होते. तिने एक स्टूल ओढलं, त्यावर बसली, कापूस बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारी लेकीच्या घरी पोचली, आणि आधी झोपली.